चाकं हलकी घ्या, पण…

आधी एक खुलासा. बोरी म्हणजे बोरिवली नव्हे. हॉस्टेलमध्ये तिसरं वर्ष चालू आहे आणि हा खुलासा मी अजून करतेच आहे. परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलात की झरी येतं, मग बोरी. माझी शाळा परभणीची, तीही कॉन्व्हेंट, त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सुधारले आहेत, विचार तेवढे माझे. सुट्ट्या मात्र सगळ्या बोरीत, आजी-आजोबांकडे. आणि गेली दोन वर्षं सुट्टी म्हणजे सायकल.

आपल्या स्टँडमध्ये माउंटन बाइक आता बऱ्यापैकी दिसायला लागल्यात. त्यामुळे मेसमध्ये आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी ताट घेऊन समोर बसतं आणि विचारतं, "सायकलला दुसरी चाकं घेऊ का? हलकी?" कुणी नेटवर कार्बनची बघून ठेवलेली असतात. कुणाला बाइकसोबत आलेली चाकं एकदम गाढवओझं वाटायला लागलेली असतात. माझं मत सरळ आहे. दुसरी जोडी जरूर घ्या, हलकीच घ्या. पण ती तुमच्या गावच्या सायकलवाल्याला दुरुस्त करता आली पाहिजे. येत नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. हे मत मला ११ हजार रुपयांना पडलं आहे, ते पुढे सांगते.

आधी थोडं मेकॅनिक्स. झोपू नका. एखादं वस्तुमान रिमवर असेल तर सायकलला वेग देताना ते पुढेही ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं. म्हणून रिमवरचा एक ग्रॅम वेग घेताना फ्रेमवरच्या दोन ग्रॅमइतका जड पडतो. "चाकाचा एक ग्रॅम म्हणजे दहा ग्रॅम" असं जे दुकानात सांगतात ना, ते सोडून द्या. दोनच. हबमधल्या ग्रॅमचं तर असं की तो मध्याच्या इतका जवळ असतो की फिरवायला जवळजवळ काहीच लागत नाही, त्याचा हिशोब एकालाच एक. आणि एकाच वेगाने चढ चढताना? तिथे रिम काय नि बाटलीतलं पाणी काय, ग्रॅमला ग्रॅम.

आता माझंच उदाहरण घेऊ. मी, सायकल, पाणी, डबा सगळं मिळून ७५ किलो. बाइकसोबतची चाकं टायर सोडून २.४ किलोची, नवीन घेतली ती १.७ ची. वाचले ७०० ग्रॅम. म्हणजे चढावर एक टक्कासुद्धा नाही. दहा मिनिटांच्या चढात फार तर साडेपाच सेकंद. वेग घेताना दीड टक्का म्हणा. ११ हजार भागिले साडेपाच करून बघा, दोन हजार रुपये सेकंद! संगमनेरच्या प्रणिता सोमण यांच्यासारखे राष्ट्रीय पातळीवर माउंटन बाइकच्या शर्यती खेळणारे असतात, त्यांना सेकंदाची किंमत असते. आपल्याला कोण थांबलंय घड्याळ घेऊन?

मग हलकी चाकं घ्यायचीच कशाला? कारण ट्रेलवर आपण एका वेगाने जातच नाही. दगड आला, ब्रेक, वळण आलं, ब्रेक, पुन्हा पायडल. दर वेळी तो दीड टक्का हाताला-पायाला कळतो. शिवाय चाक हलकं असलं की खालच्या खडबडीत जमिनीला ते पटकन वर-खाली होतं, टायर जमीन सोडत नाही. हे घड्याळात दिसत नाही, पण हँडलला जाणवतं.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आमची जमीन. बोरीच्या शिवारात काळी माती. पावसाळ्यात पांदणीत सायकल घातली की चाकाला इतका चिखल बसतो की ७०० ग्रॅम तर पहिल्या वीस फुटांतच परत! तिकडे जिंतूरच्या पुढे नेमगिरी-चंद्रगिरीच्या डोंगरात मुरूम आणि काळा बेसाल्ट दगड. आणि दोन्हीकडे काटे. गावाच्या नावातच बोर आहे आणि बोरीसोबत बाभळी आल्याच. आता तर बांधाबांधावर वेडी बाभूळ माजली आहे. तिचा वाळलेला काटा टायरमधून ट्यूबमध्ये असा जातो की जणू त्याचं तिथे रिझर्व्हेशन होतं. एकाच टायरवर हे सगळं भागत नाही. एक जोडी रस्त्याची आणि रोजच्या कामाची, दुसरी डोंगराची. दुसऱ्या जोडीचा खरा उपयोग हा आहे.

इथे बहुतेकांची चूक होते, माझीही झाली. वजन कमी करायचं तर आधी टायर बघायचे, कारण ते सगळ्यात बाहेर असतात. तारेच्या कडेचा साधा टायर सुमारे ९०० ग्रॅमचा, घडी होणारा ७०० चा. दोन्हींचे मिळून ४०० वाचले. ट्यूब काढून सीलंट घातलं की आणखी दोनएकशे ग्रॅम जातात, आणि काट्याचं भोक आपोआप बुजतं हा बोनस. (आमच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, दर दोन महिन्यांनी बघायचं.) म्हणजे टायरच्या पैशात चाकाच्या बरोबरीचं काम होतं! फक्त सगळ्यात पातळ टायर घेऊ नका, बेसाल्टची धार बाजूने कापते. आणि ट्यूबशिवाय चालायला रिम तशी लागते, बाइकसोबतची बहुधा नसते. म्हणून नवी रिम. क्रम असा लावा: टायर, मग रिम, हबवर ग्रॅम मोजू नका. माझा क्रम उलटा होता. मी हब बघून भाळले.

पुण्यातल्या एकाकडून वापरलेली जोडी घेतली. इंटर्नशिपचे पैसे होते, थोडे आजीने घातले. त्या वर्षी सोयाबीन पावसात भिजलं होतं, तरी घातले. चाकं दिसायला काय होती! प्रत्येकी फक्त २४ तारा, त्याही सरळ, म्हणजे डोक्याजवळ वाक नसलेल्या. बोरीत अख्खी गल्ली बघायला आली. आजोबा म्हणाले, "आरे लई कमी हायेत गं." मी हसले. बैलगाडीवाल्या माणसाला काय कळतंय, असं मनात आलं. आज लाज वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत नेमगिरीच्या बाजूच्या दगडी पायवाटेने उतरताना मागच्या चाकात टण् आवाज झाला. गिअरच्या बाजूची एक तार तुटली. ३२ तारांचं चाक असतं तर एका बाजूच्या सोळांतली एक गेली असती, उरलेल्यांनी ओढून धरलं असतं. इथे बारातली एक गेली आणि रिम एवढी वाकडी झाली की टायर फ्रेमला घासायला लागला. चाक फिरेना. संध्याकाळचे पाच वाजलेले. सायकल खांद्यावर मारून जिंतूरपर्यंत चालत आले, तिथून बाबांना फोन. बाबा पिकअप घेऊन आले, एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त वाईट. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आता एकटीनं डोंगरात जायचं नाही."

मुलग्यांनो, तुमचं चाक मोडलं की चाकच मोडतं. आमच्याकडे चाकासोबत परवानगीही जाते, आणि तिचा स्पेअर पार्ट मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी चाक घेऊन स्टँडजवळच्या चाचांकडे गेले. माझ्या लहानपणापासूनचं दुकान. मी म्हटलं, "चाचा, ट्रुइंग करायचंय." ते बघतच राहिले. मग म्हणाले, "आउट निकालना है क्या?" मला आउट फक्त क्रिकेटमधला माहीत. चाक डगमगतं त्याला आउट म्हणतात आणि सरळ करण्याला आउट काढणं, हे मी विसाव्या वर्षी शिकले. तुटलेली तार हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितली. "इसका तार परभनी में बी नै मिलता बेटा." खरंच नाही मिळाली. पुण्याहून पोस्टाने यायला दोन आठवडे लागले, तोवर सुट्टी संपली होती.

तेवढ्या दिवसांत चाचांनी मला माझ्या जुन्या, गाढवओझं वाटणाऱ्या चाकावर आउट काढायला शिकवलं. सायकल उलटी ठेवायची. खडू फ्रेमला टेकवून रिमच्या जवळ धरायचा आणि चाक फिरवायचं. जिथे खडू लागेल तिथे रिम बाहेर आली आहे. त्या जागी समोरच्या बाजूची तार पाव फेरा घट्ट, या बाजूची पाव फेरा सैल. पावच. मी घाईने पूर्ण फेरा दिला की हातावर चापट. शेवटी तारा बोटाने छेडायच्या, एका बाजूच्या सगळ्या साधारण एका सुरात वाजल्या पाहिजेत. आपल्याला प्रीस्ट्रेसचा चॅप्टर आहे ना, तोच हा. चांगल्या चाकात मागच्या गिअरकडच्या एकेका तारेत शंभर किलोच्या आसपास ताण असतो. तार बारीक असते, दाबली तर वाकेल, म्हणून ती कायम ताणून ठेवायची. वजन पडलं की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, बस्स.

हे मी रात्री आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले की गाडीच्या चाकाचंही तसंच. लाकडी गोलावर लोखंडाची धाव तापवून चढवतात, पाणी ओततात, ती आकसते आणि आरे तुंब्यात आवळून बसतात. म्हणजे तिथे आरे कायम दाबलेले, सायकलीत कायम ताणलेले. दोन्हीकडे आधीच जोर भरून ठेवलेला. आरे कमी आहेत हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं होतं, मला डोंगरातून चालत यावं लागलं.

नंतर ती जोडी विकली, निम्मे पैसे आले. आता माझ्याकडे आहे ती ३२ तारांची, वाकलेल्या डोक्याच्या साध्या तारांची, अॅल्युमिनियमची, आतून २५ मिलिमीटर रुंद रिमची. वजन १.९ किलो. जुन्यापेक्षा ५०० ग्रॅम हलकी, त्या दिखाऊपेक्षा २०० ग्रॅम जड. घेतानाच प्रत्येक लांबीच्या चार-चार तारा जास्तीच्या मागवल्या (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या तारा सारख्या नसतात!). त्यातल्या अर्ध्या चाचांच्या डब्यात ठेवल्यात. कॅसेट काढायचा पाना मात्र स्वतःचा घ्या, चाचांकडे असतो तो जुन्या फ्रीव्हीलचा.

घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी एक बघा. स्वस्तातल्या बऱ्याच बाइकना मागे आटे असलेलं फ्रीव्हील असतं, नवीन हबला कॅसेट लागते. अॅक्सल क्विक रिलीजचा की थ्रू, त्याची रुंदी किती, ब्रेकची डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉक, हे जुळलं नाही तर चाक शोभेला. दुसऱ्या जोडीला डिस्क आणि कॅसेटही दुसरी लागतात, तो खर्च कुणी सांगत नाही. आणि जुनी झिजलेली चेन नव्या कॅसेटवर नीट बसत नाही. दोन्ही जोड्यांच्या डिस्क एका रेषेत येत नसतील तर डिस्कखाली पातळ वॉशर टाकून जुळवा, नाहीतर दर वेळी ब्रेक सेट करत बसाल.

तुम्ही म्हणाल, ही मुलगी ट्रेल चालवते की सायकलचं दुकान? पण या खेळाची सुरुवातच तशी आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात रीपॅक नावाची उतारावरची शर्यत सुरू झाली, जुन्या जड सायकलींवर. नाव का, तर एका उतारात मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि हब खोलून पुन्हा भरावं लागायचं. चालवणारेच मिस्त्री होते.

बाबांनी परवानगी परत दिली, पण परीक्षा घेऊन. अंगणात बसले, माझ्या समोर चाकाच्या तारा चार-पाच ठिकाणी सैल केल्या आणि म्हणाले, कर सरळ. पाऊण तास लागला. आता येलदरी धरणापर्यंत एकटी जाते.

आता सरांसाठी. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आपण एमएसचा तुकडा आठवडेच्या आठवडे घासतो, सही झाली की तो भंगारात जातो. हॉस्टेलच्या स्टँडमध्ये अकरा सायकली केवळ चाकं आउट म्हणून पडून आहेत, मी मोजल्यात. मार्चनंतर त्या भंगारात जाणार अशी नोटीस लागली आहे. त्याआधी एक शनिवार द्या. खडू आपल्याकडे आहेच, तारांचे पाने मी आणते. चाचांना विचारलंय, त्यांच्याकडे हल्ली लोक आउट काढायला येतच नाहीत, चाकच नवं टाकतात, त्यामुळे ते खुशीने येतील. येण्याजाण्याचं भाडं आणि दोन वेळचं जेवण एवढंच म्हणाले. मेसचं नको, ही अट मी घातली आहे.