शॉकअप बदलताय? आधी वजन करा!

पाऊस ओसरला की कॉलेजच्या कट्ट्यावर प्लॅन शिजायला लागतात. कोकण, गोवा, तेही बुलेटवर डबलसीट! मग कुणीतरी म्हणतंच, ‘मागचे शॉकअप गॅसवाले टाक, काय लूक येतो!’

थांबा दोस्तांनो. शॉकअपमधली स्प्रिंग वजन पेलते आणि आतलं तेल तिची उसळी आवरतं. सतत दणके बसून तेल तापलं तरी त्याला फेस येऊ नये, म्हणून गॅस. स्प्रिंगच कमजोर असेल तर गॅस काय करणार? एकट्याला छान चालणारी स्प्रिंग दोघं आणि बॅगांखाली दबते. गाडी मागून बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि घाटातल्या वळणावर हँडल ऐकेनासं होतं.

म्हणून आधी तुमचं, मागच्याचं आणि सामानाचं वजन मोजा. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगखालचं प्रीलोडचं कडं पान्याने फिरवून घट्ट करता येतं. खर्च शून्य! तरीही गाडी खड्ड्यात आपटते? दांड्यावर तेल दिसतं? सीट दाबून सोडली की डुलतच राहते? मग बदला, पण जोडीनेच आणि मूळ लांबीचेच. स्प्रिंग किती वजनासाठी आहे, हे दुकानात आधी विचारा. रंग नंतर बघू.

मागे बसलेल्याच्या हातात ना हँडल असतं, ना ब्रेक. त्याची काळजी चालवणाऱ्यानेच घ्यायची ना?