मुल्लामारीच्या काठचे खेकडे

मासा गळाला कसा लावावा, हे कल्याणच्या एका राजानं बाराव्या शतकात लिहून ठेवलं आहे. राजा म्हणजे चालुक्यांचा तिसरा सोमेश्वर आणि कल्याण म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. ११२९ च्या सुमारास रचलेल्या त्याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असं एक प्रकरण आहे. कोणता मासा नदीतला, कोणता समुद्रातला, कुणाच्या अंगावर खवले असतात, कुणाच्या नसतात, कोण कसल्या आमिषाला भुलतो, हे सगळं त्यात आलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांना ते इतकं मोलाचं वाटलं, की १९५१ साली त्यांनी त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. राजाच्या राजधानीतच, पुढं बसवेश्वरांच्या शरण म्हणवणाऱ्या अनुयायांमध्ये, अंबिगर चौडय्या नावाचा एक नावाडी होता. त्याची कानडी वचनं आजही म्हटली जातात. पाण्याशी ज्यांचं पोट बांधलेलं असतं, त्यांच्या हातात कुठल्या विद्या असतात, हे मात्र कुणी ग्रंथात घातलं नाही.

त्यातली एक विद्या खेकडे धरण्याची. सोलापूरहून हुमनाबादला नोकरीसाठी आलेल्या एका तरुणाला ती या पावसाळ्यात शिकायला मिळाली. शिकवणारा बसवकल्याण तालुक्यातला शेतकरी. दोघांची ओळख नुकतीच झालेली, टपरीवरच्या चहाची. शेतकऱ्याच्या घरी कानडी, बाजारात मराठी आणि जुन्या दोस्तांत दखनी. या भागात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. तूर पेरून झाली होती, कोळपणीला अवकाश होता आणि दोन मोठे पाऊस पडून ओढे वाहू लागले होते. “सर, खेकडं खाता का?” एवढा एक प्रश्न झाला आणि रविवारी सकाळी दोघं मोटारसायकलवरून निघाले. सोबत पोतं, एक जुनी बादली, हातभर लांबीची सळई, सुतळी आणि कोंबडीवाल्याकडून मागून आणलेली आतडी.

ओढा मुल्लामारीला मिळणारा. मुल्लामारी बसवकल्याण तालुक्यात उगम पावते, पुढं चिंचोळी तालुक्यातून जाऊन कागिण्याला मिळते, कागिणा भीमेला आणि भीमा कृष्णेला. शेजारच्या भालकी तालुक्यात पडलेला पाऊस मात्र कारंजा आणि मांजरेतून गोदावरीकडं जातो. म्हणजे एकाच जिल्ह्यातलं पाणी दोन वाटांनी बंगालच्या उपसागराला पोचतं आणि मधली उंचवट्याची रेघ रस्त्यावरून जाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. माणसांनी आखलेली रेघ सगळ्यांच्या लक्षात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातला जुना बिदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात आले आणि जहिराबादचा भाग आंध्रात गेला. मराठी बोलणारी घरं रेघेच्या दोन्ही अंगांना राहिली.

खेकड्याला या दोन रेघांपैकी पहिलीच ठाऊक असते. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं पाण्यावर तरंगत दूरदूर जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नसतं. त्याच्या अंड्यातून तरंगणारी अळी न निघता थेट इवलासा, पण पूर्ण घडलेला खेकडा निघतो आणि जन्मला त्या ओढ्याच्या आसपासच आयुष्य काढतो. त्यामुळं एका डोंगरावरचा खेकडा पलीकडच्या डोंगरावरच्या खेकड्याहून वेगळ्या जातीचा निघू शकतो. सह्याद्रीत अजून नव्या जाती सापडतात त्या याच कारणानं. २०१६ साली एकाच शोधनिबंधात तिथल्या पाच नव्या जाती नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या एकीला ती शोधणाऱ्या तेजस ठाकरे यांचं आडनाव मिळालं. दख्खनच्या पठारावरच्या खेकड्यांची शास्त्रीय नोंद त्याच्या कितीतरी आधीची. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणारे कर्नल साइक्स आणि कीटकशास्त्रज्ञ वेस्टवूड यांनी १८३६ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात या जमिनीत बिळं करणाऱ्या खेकड्यांवर टिपण छापलं. या खेकड्यांच्या बॅरिटेल्फुसा या वंशावर (जीनसवर) पुढं औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं.

ओढ्यावर पोचल्यावर शेतकऱ्यानं पाण्यात हात घातलाच नाही. आधी तो काठानं वाकून चालत राहिला. खेकड्याचं बीळ आडवं, जरा चपटं असतं, त्यानं दाखवलं. तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या पडल्या असतील तर घरधनी आत आहे. कोळिष्टक असेल किंवा वाळकं पान आडवं पडलं असेल तर पुढं चालायचं. अगदी गोल, गुळगुळीत तोंडाच्या बिळाला तो सळईनंसुद्धा शिवला नाही. उंदराच्या बिळात साप येऊन बसतो आणि पावसाळ्यात खेकड्याच्या बिळातही बसू शकतो, म्हणून हात घालायच्या आधी सळई फिरवून बघायची हा त्याचा नेम. सळईच्या टोकाला दगड लागला की ‘टक’ असा आवाज येतो, चिखल लागला तर काहीच येत नाही आणि खेकडा असला तर तो सळईच धरतो. ती ओढ हाताला कळते.

सोलापूरच्या पाहुण्याला ती कळायला वेळ लागला.

दुसरी रीत आमिषाची. सुतळीला आतड्याचा तुकडा बांधायचा, डोहाच्या कडेला दगडाच्या फटीपाशी सोडायचा आणि थांबायचं. खेकडा नांगीनं तुकडा पकडतो आणि मग सहजी सोडत नाही. इथं घाई करणाऱ्याचा खेकडा जातो. सुतळी अगदी सावकाश, खेकड्याला आपण ओढला जातोय हे कळू न देता वर घ्यायची आणि पाण्याच्या पातळीला आला की खालून बादली धरायची. दोघांचं काम आहे हे, सुतळीवाला एक आणि बादलीवाला एक. एकाची नजर दुसऱ्याच्या हातावर असावी लागते. तासाभरात त्यांना बोलावं लागेनासं झालं आणि कधीतरी ‘सर’ जाऊन ‘अण्णा’ आलं. “अण्णा, हात मागनं घाल की. म्होरनं घातलास तर धरलंच म्हणून समज.” कवचाच्या मागच्या बाजूनं, अंगठा एका कडेला आणि मधलं बोट दुसऱ्या कडेला असं दाबून धरलं, की नांग्या कितीही फिरल्या तरी तिथवर पोचत नाहीत.

धरलेला प्रत्येक खेकडा शेतकरी उलटा करून बघत होता. पोटाखाली दुमडलेली पट्टी निमुळती असली तर नर, रुंद आणि गोलसर असली तर मादी. एका मोठ्या मादीची पट्टी त्यानं नखानं हळूच उचलली. आत पिल्लंच पिल्लं होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, फिकट पिवळसर, प्रत्येकाला आपापल्या नांग्या आणि डोळ्यांचे काळे ठिपके, एकमेकांवर चढून आईच्या पोटाला बिलगलेली. ऊन लागताच त्यांच्यात हालचाल झाली. शेतकऱ्यानं पट्टी मिटवली, मादीला ज्या बिळातून काढलं होतं त्याच्याच तोंडाशी ठेवलं आणि ती आत जाईपर्यंत तिथून हलला नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला अशा माद्या बऱ्याच निघतात. त्या पोत्यात घालायच्या नाहीत, हा त्याच्या वडिलांचा नियम. कुठल्याही खात्यानं तो केलेला नाही आणि कुणी दंडही करत नाही. मत्स्यखात्याच्या जाहिराती बांगड्या-पापलेटाच्या विणीच्या काळाबद्दल सांगतात. ओढ्यातल्या खेकड्याचा काळ सांभाळणारे असे घरगुती नियमच आहेत आणि ते पाळणारी माणसं आता वयस्क होत चालली आहेत.

परदेशात या हौसेला केवढा मान आहे! स्वीडनमध्ये ऑगस्ट आला की घरोघर, अंगणात कंदील टांगून क्रेफिशच्या पंगती बसतात. क्रेफिश हा नदी-तळ्यातला, शेवंडासारख्या बांध्याचा प्राणी. जगात त्याच्या सहाशेहून अधिक जाती आहेत, भारतात मूळची एकही नाही. इथल्या ओढ्यांत त्याची जागा खेकड्यानं आणि झिंग्यांनी घेतली आहे. स्वीडनची ती पंगत आज बऱ्याच अंशी परक्या प्राण्यावर चालते. १९०७ साली बुरशीसारख्या एका जीवामुळं होणारा क्रेफिशवरचा रोग तिथं पोचला आणि त्यानं देशी जातीचा धुव्वा उडवला. मग १९६० पासून अमेरिकेतून सिग्नल क्रेफिश आणून सोडला. त्याला स्वतःला त्या रोगाचं विशेष काही होत नाही, पण तो रोग बाळगतो आणि पसरवतो. उरलेसुरले देशी क्रेफिश त्यानं आणखी मागं रेटले. हौसेनं पाळायला आणलेला संगमरवरी क्रेफिश तर नराशिवायच प्रजा वाढवतो आणि तो मादागास्करच्या भातखाचरांत शिरून बसला आहे. काचेच्या टाकीत ठेवायला असले प्राणी आणणाऱ्यांनी कंटाळा आला म्हणून ते ओढ्यात सोडू नयेत, एवढी कळकळीची विनंती इथं केलीच पाहिजे.

मुल्लामारीच्या काठच्या खेकड्याला सध्या धोका आहे तो घरचाच. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण तूर-सोयाबीनवर फवारलेलं औषध पहिल्या मोठ्या पावसात वाहून ओढ्यातच येतं. खोलीकरणाच्या नावाखाली काठ सरळ कापले, की बिळांना जागाच राहत नाही. आणि डोहात ब्लीचिंग पावडर टाकून सगळंच एकदम वर आणणारे काही लोक आहेत. त्या डोहात पुढं बराच काळ काही मिळत नाही, असं शेतकरी सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज चढला होता. दुष्काळाची मात्र त्याची तक्रार नव्हती. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा इकडचे ओढेही कोरडे ठणठणीत होते. खेकडे ओल शोधत बिळं खाली नेत जातात. कल्ल्यांभोवती ओलावा टिकला की पाण्याबाहेरही ते तग धरतात. पाऊस आला, तसे त्या वर्षीही ते वर आले.

अशा वर्षांत या खेकड्यांनी कित्येक चुली पेटत्या ठेवल्या. ज्यांच्याकडं जमीन नव्हती, दुभतं नव्हतं, त्यांच्या ताटात वर्षातून काही दिवस फुकटचं, कसदार कालवण येई ते ओढ्यातून. म्हणूनच बऱ्याच घरांत खेकड्याचं नाव काढलं की नाक मुरडलं जाई. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांचं जेवण लिहून काढलं, तेव्हा पाककृतींच्या पुस्तकांनी कोणाची स्वयंपाकघरं कधी उघडलीच नव्हती ते समोर आलं. आज शहरातल्या ढाब्यावर खेकडा महागाचा झाला आहे. ओढ्यावर तो मिळवणारी बाई मात्र अजून चोरल्यासारखी पदराआड लपवून नेताना दिसते, ही गोष्ट मनाला लागते.

शेतकऱ्याच्या आईनं तसं काही केलं नाही. ओट्यावर उजेडात बसून तिनं खेकडे साफ केले. नांग्या आणि पाय वेगळे काढले, बारीक पाय पाट्यावर वाटून त्यात पाणी घालून गाळून घेतले. कांदा-खोबरं भाजून, काळं तिखट आणि शेंगदाण्याचं कूट घालून फोडणी केली आणि तो गाळलेला रस सोडून रस्सा चांगला खळखळ उकळू दिला. हे उकळणं महत्त्वाचं. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसात जाणारे कृमी असू शकतात; मणिपूरमध्ये कच्चे-अर्धकच्चे खेकडे खाणाऱ्यांना त्यामुळं झालेले आजार क्षयासारखे दिसले आणि डॉक्टरांचीही फसगत झाली. सर्दी-खोकल्यावर खेकड्याचा रस्सा देतात तो कढतच द्यावा. कच्चा रस कुणी सुचवला, तर कान बंद करावेत.

“ऊट माडि (जेवा),” म्हातारी म्हणाली आणि पाहुण्याच्या ताटात ज्वारीची भाकरी पडली. नांगी फोडायला तिनं वरवंटा पुढं सरकवला. पाहुण्याला तोही नीट धरता येईना, तेव्हा तिनंच एका घावात नांगी फोडून दिली, कवच बाजूला केलं आणि आतला पांढरा गर त्याच्या भाकरीवर ठेवला.

दसऱ्यानंतर पाणी निवळलं की भीमेवर झिंग्यांना जायचं ठरलं. जाळं चुलतभावाचं आहे आणि त्याचा एक कोपरा उंदरानं कुरतडलाय. नायलॉनचा दोरा हुमनाबादच्या बाजारातून पाहुण्यानं आणायचा आणि जाळं विणायला शेतकऱ्याच्या चुलत्याकडं दोघांनी मिळून बसायचं.