‘नाही’ म्हणणारा व्यवस्थापक हवा

भुसावळ हे पगारदारांचे गाव. रेल्वे, दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र आणि आयुध निर्माणी यांतून आयुष्यभर राबून निवृत्त झालेला माणूस फंडाची रक्कम ओळखीच्या पतसंस्थेत ठेवतो. ठेव विमा महामंडळाचे 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण बँकेतील ठेवीला आहे, पतसंस्थेतील ठेवीला नाही. तेथे ठेवीदाराचे रक्षण होते ते संस्थेतील माणसांच्या सचोटीनेच.

ही सचोटी ढळली की काय होते, हे खानदेशाने सोसले आहे. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेच्या संचालकांना 2015 मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी संस्थेवर अवसायक नेमावा लागला. अशा प्रसंगी सारी चर्चा संचालकांभोवती फिरते. ते योग्यही आहे. पण कोणत्याही पतसंस्थेत कर्जाचे प्रकरण संचालक मंडळापुढे जाण्याआधी कारकून, कर्ज अधिकारी आणि व्यवस्थापक यांच्या हाताखालून जाते. तारण अपुरे आहे, हे सर्वप्रथम त्यांनाच कळते. मग ते बोलत का नाहीत?

याचे उत्तर त्यांच्या नेमणुकीत दडलेले आहे. संचालकाच्या शब्दावर लागलेला माणूस त्याच संचालकाची शिफारस कशी नाकारणार? अनेक ठिकाणी लेखी सेवानियम नसतात, वेतन तुटपुंजे असते आणि वर्षानुवर्षे एकाच टेबलावर बसवलेल्या कर्मचाऱ्याचे काम दुसरा कोणी तपासत नाही. दैनिक ठेव गोळा करणारा प्रतिनिधी तर केवळ कमिशनवर फिरतो. संस्था अडचणीत आली की संतप्त ठेवीदारांना प्रथम तोंड द्यावे लागते ते मात्र यांनाच.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2013 मध्ये समाविष्ट झालेल्या कलम 24अ ने सहकारी शिक्षण व प्रशिक्षणाची तरतूद केली. परंतु प्रशिक्षण म्हणजे उपस्थितीपत्रकावरील सही नव्हे. कर्जदाराचा ताळेबंद वाचणे, तारणाचे मूल्य पडताळणे आणि थकबाकीची चाहूल वेळीच ओळखणे हे शिकवले गेले पाहिजे.

लहान संस्थांना हे परवडणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. एकेका संस्थेपुरता तो खराही आहे. म्हणूनच भरती परीक्षा आणि प्रशिक्षण जिल्हा पातळीवर संस्थांनी एकत्र येऊन करावे. मिळून करणे हाच तर सहकार! काही सुधारणांना मात्र पैसाही लागत नाही. ठरावीक काळाने टेबल बदलावे, प्रत्येकाला वर्षातून एकदा सक्तीची सलग रजा द्यावी आणि व्यवस्थापकाचा प्रतिकूल अभिप्राय इतिवृत्तात जसाच्या तसा नोंदवावा.

संस्काराविना सहकार टिकत नाही, हे व्यासपीठावरून वारंवार सांगितले जाते. तो संस्कार कर्जाच्या अर्जावर ‘नामंजूर’ असा शेरा मारणाऱ्या हाताला बळ देणार नसेल, तर ठेवीदाराने विश्वास ठेवावा तरी कोणावर?