कडक सरांकडून काय मागावे?

सेमिस्टरचा निकाल लागला की इंजिनीअरिंगच्या मुलांमध्ये एक जुना वाद नव्याने सुरू होतो. एक गट म्हणतो, अमुक सर मुद्दाम अवघड पेपर काढतात, ओरलला चारचौघांत अपमान करतात, टर्मवर्क अडवून धरतात. त्यांच्यामुळेच विषय राहिला, केटी लागली. दुसरा गट बहुधा पास होऊन दोन-चार वर्षे नोकरी केलेल्यांचा. तो म्हणतो, त्याच सरांनी जे शिकवले तेवढेच आज हाताशी उरले आहे. दोन्ही गट आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. त्यामुळे एकाची बाजू घेऊन हा वाद मिटत नाही. त्यात नेमके काय गुंतले आहे ते सोडवून पाहावे लागते.

साकीनाक्याला हा प्रश्न फार जवळचा आहे. इथून मेट्रोने अंधेरी गाठली की भवन्सच्या आवारातले सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय, घाटकोपरला लोकल पकडून एक स्टेशन पुढे गेले की विद्याविहारचे सोमय्या, आणि साकीविहार रोडने पवई तलाव ओलांडला की आयआयटी. त्याच साकीविहार रोडला आणि खैरानी रोडला गाळ्यागाळ्यांतून लेथ, मिलिंग आणि वेल्डिंगची कामे चालतात. वडील मशीनवर आणि मुलगा किंवा मुलगी इंजिनीअरिंगला, अशी घरे मोहिली गाव, असल्फा, जरीमरी या भागांत पुष्कळ आहेत. अशा घरात केटी लागते तेव्हा फीचा, नोकरीचा आणि घरच्यांच्या अनेक वर्षांच्या आशेचा हिशेब एकदम विस्कटतो.

आधी कडक सरांची बाजू. इंजिनीअरची चूक बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या अंगावर कोसळत नाही, दुसऱ्याच्या कोसळते. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल पडला आणि सात जणांचा जीव गेला. त्याआधीच्या संरचनात्मक तपासणीत तो पूल किरकोळ दुरुस्तीवर वापरण्याजोगा ठरला होता. अशा घटनेत दोष कोणाचा हे न्यायालय ठरवेल. पण पुलाच्या तपासणी अहवालावर सही करणाऱ्या माणसाला गणित नीट येत असले पाहिजे आणि ते येते की नाही हे कोणीतरी, कधीतरी, कसून पाहिलेले असले पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. ती जागा वर्गाची आणि परीक्षेची आहे. तिथे सगळ्यांना सांभाळून घेतले तर तपासणीचे काम पुढे रस्त्यावरच्या माणसावर येते.

दुसरा मुद्दा पुढच्या विषयांचा. मुंबई विद्यापीठात एम-थ्री हा गणिताचा विषय मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना घाम फोडत आला. लाप्लास, फुरिए, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स हे सगळे तिसऱ्या सेमिस्टरला कुंभोजकरांच्या पुस्तकातून सोडवताना निरर्थक वाटते. पुढे कंट्रोल सिस्टिम्स किंवा सिग्नल्स समोर आले की त्याचे काम कळते. म्हणजे कठीण विषय चांगला शिकवला गेला की नाही, याचे उत्तर बरेचदा वर्ष-दीड वर्षाने मिळते. याला चांगला पुरावाही आहे. अमेरिकी वायुदलाच्या अकादमीत विद्यार्थी शिक्षकांकडे पसंती न विचारता, यादृच्छिकपणे वाटले जातात. तिथली आकडेवारी तपासून स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० साली दाखवले की, पहिल्या कॅल्क्युलसमध्ये ज्यांच्या वर्गाचे गुण चांगले आणि ज्यांना विद्यार्थ्यांचा अभिप्राय चांगला, त्या शिक्षकांची मुले पुढच्या वरच्या विषयांत तुलनेने मागे पडतात. अनुभवी शिक्षकांचे चित्र उलटे होते. पहिल्या विषयात गुण कमी, पुढच्या विषयांत कामगिरी सरस. हार्वर्डमध्ये २०१९ साली झालेल्या एका अभ्यासातही असेच दिसले. ज्या तासाला मुलांना स्वतः डोके चालवावे लागले, त्या तासाला ती अधिक शिकली. पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. कष्ट पडतात तेव्हा शिकणे होत असते, आणि नेमके तेव्हाच शिक्षक नकोसा वाटतो.

विद्यार्थ्यांनी स्वतःकडेही पाहायला हवे. असाइनमेंट छापायच्या, काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट जीटी मारायची, परीक्षेच्या आदल्या रात्री आयएमपी प्रश्न पाठ करायचे, आणि पेपरात नेहमीपेक्षा वेगळा प्रश्न आला की ‘आउट ऑफ सिलॅबस’ म्हणायचे, ही सवय सर्वत्र आहे. अशा वर्गाला खरोखर विचार करायला लावणारा शिक्षक जुलमी वाटणारच. त्याची तक्रार झाली म्हणून त्याने माघार घेतली, तर नुकसान मन लावून शिकणाऱ्या मुलांचे होते.

आता मुलांची बाजू. तीही तितकीच भक्कम आहे. अवघडपणा सगळ्यांना सारखा पडत नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाने पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित केलेलेच नसते, आणि तो पहिल्याच सेमिस्टरला एम-थ्रीसमोर उभा राहतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी व्याख्यान समजून घेता घेता दोन पायऱ्या मागे राहते. ज्याच्या घरी अभ्यासाला स्वतंत्र कोपरा नाही आणि ज्याला क्लासची फी परवडत नाही, त्याच्यासाठी तोच पेपर अधिक अवघड असतो. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या चालू केटी असलेल्यांना बसूच देत नाहीत. एका विषयातल्या दोन-चार गुणांनी अख्खी संधी जाते.

शिवाय कडकपणाच्या नावाखाली पुष्कळदा दुसरेच काहीतरी चालते. जर्नलमधला समास चुकला म्हणून पाने पुन्हा लिहायला लावणे, सबमिशनच्या दिवशी सहीसाठी तासन्‌तास केबिनबाहेर उभे करणे, वर्गात उलट प्रश्न विचारल्याचा राग ओरलच्या गुणांत काढणे. यातल्या कशानेही कोणाचे गणित सुधारत नाही. लेखी पेपरची फोटोकॉपी मागता येते, पुनर्मूल्यांकन मागता येते. ओरलचे आणि टर्मवर्कचे गुण कशावरून दिले, हे विचारायची सोय मुलांच्या हाती जवळजवळ नसते. म्हणून भीती तिथेच सर्वांत जास्त असते.

या भीतीची किंमत मोठी आहे. उच्च शिक्षणसंस्थांमधल्या आत्महत्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. अशा प्रत्येक मृत्यूमागे एखादा विषय किंवा एखादा शिक्षकच असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारणे अनेक आणि गुंतलेली असतात. पण नापास होणे म्हणजे सारे संपणे, असे वातावरण जिथे तयार होते तिथे ते बदलण्याची जबाबदारी संस्थेची आहे.

दोन्ही बाजूंचे वजन एकदम पाहायचे तर न्यूयॉर्क विद्यापीठातले २०२२ सालचे प्रकरण उपयोगी पडते. विषय ऑरगॅनिक केमिस्ट्री. पण तिथला पेच आपल्या एम-थ्रीसारखाच. मेटलँड जोन्स हे ८४ वर्षांचे, पूर्वी प्रिन्स्टनमध्ये नाव कमावलेले, त्या विषयाचे पाठ्यपुस्तक लिहिणारे प्राध्यापक. वर्गातल्या ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी त्यांच्याविरुद्ध निवेदन दिले आणि विद्यापीठाने पुढच्या सत्रासाठी त्यांचा करार संपवला. जोन्स यांचे म्हणणे, मुलांची एकाग्रता घटली आहे, महासाथीनंतर तर फारच. मुलांच्या तक्रारीत मात्र एक नेमकी बाब होती: सत्रातल्या तीन परीक्षांऐवजी दोनच ठेवल्या, त्यामुळे एकदा घसरलेल्याला सावरायची संधी कमी झाली. निवेदनात त्यांना काढून टाका अशी मागणी नव्हती. विद्यापीठाने सोपा मार्ग निवडला. परीक्षांची रचना सुधारायची ती राहिली आणि माणूस गेला. दोन्ही बाजू हरल्या.

आपल्याकडे तेच होण्याची शक्यता आता वाढली आहे. संलग्न महाविद्यालयात शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा अशी व्यवस्था होती. तिच्यात दोष होतेच. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायची पद्धत घाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. तरी त्या व्यवस्थेत सर आणि मुले विद्यापीठाच्या पेपरसमोर एकाच बाजूला असत. व्हीजेटीआयला २००४ मध्ये स्वायत्तता मिळाली आणि नंतर उपनगरातली अनेक महाविद्यालये त्या वाटेने गेली. स्वायत्त महाविद्यालयात शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकच असतो. यामुळे चांगल्या शिक्षकाला हवे ते खोलवर शिकवता येते, आणि वाईट शिक्षकाला अडवणारे कोणी उरत नाही. अधिकार वाढला त्या प्रमाणात उत्तर देण्याचे बंधन वाढलेले नाही, ही आजची खरी अडचण आहे.

ते बंधन कसे असावे, हे साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये रोज पाहायला मिळते. तिथे मापाची शिस्त कोणत्याही वर्गापेक्षा कडक असते. मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटरचा फरक दिसला तरी जॉब रिजेक्ट होतो. पण टॉलरन्स किती, हे ड्रॉइंगवर आधीच लिहिलेले असते. रिजेक्ट झाला तर कोणते माप किती चुकले ते टर्नरला सांगितले जाते. रिवर्क होण्याजोगा जॉब लगेच भंगारात टाकत नाहीत. कडकपणाला या तिन्ही गोष्टींची जोड असल्यामुळे तिथला शिकाऊ पोरगा शिव्या खातो, पण काम शिकतो.

वर्गालाही हेच लागू करता येईल. गुण कशाला आणि किती, हे सत्राच्या सुरुवातीला लेखी कळावे. ओरल आणि टर्मवर्कचेसुद्धा. चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका पुढची चाचणी येण्याआधी मुलांच्या हाती पडावी. आयआयटी मुंबईत पेपर दाखवून शंका ऐकण्याची रीत आहे, मुले तिला ‘क्रिब’ म्हणतात. कडक मानले जाणारे प्राध्यापकही तिथे उत्तरपत्रिका उघडून समोर बसतात आणि त्यांचा मान त्याने कमी होत नाही. नापास झालेल्याची फेरपरीक्षा लवकर व्हावी, आणि तिच्याआधी त्या विषयाची काही सत्रे व्हावीत. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी गणिताचा पूरक वर्ग असावा. शिकवण्याची पद्धत बदलल्याने दर्जा घसरतो ही भीतीही निराधार आहे. विज्ञान-अभियांत्रिकीतल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के होते. परीक्षेतले गुणही दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत सरस होते.

यावर प्राध्यापकांचा आक्षेप रास्त आहे: हे सगळे करायला माणसे कुठे आहेत? एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) शिक्षक-विद्यार्थी प्रमाण एकास पंधरावरून एकास वीसवर नेले. कितीतरी जण कंत्राटावर किंवा तासिका तत्त्वावर राबतात, त्यात नॅक आणि एनबीए या मानांकनांच्या फायली. साठ उत्तरपत्रिकांतल्या चुकांवर खूण करून शेरा लिहायला वेळ लागतो आणि त्या वेळेचा पगारात हिशेब नसतो. व्यवस्थापनाला कडक शिक्षण हवे असेल, तर त्याचा खर्चही त्याने उचलला पाहिजे. कायम जागा न भरता शिक्षकाकडून दर्जाची अपेक्षा करणे योग्य नाही.

अभिप्रायाचेही तसेच. एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांत शिक्षकाच्या मूल्यमापनातल्या १०० पैकी २५ गुण विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला आहेत. मुलांचा आवाज ऐकला जातो हे चांगलेच. पण तो फक्त सत्राच्या शेवटी, गुणांची धास्ती ताजी असताना घेतला, तर लाडके शिक्षक पुढे जातील आणि कष्ट करायला लावणारे मागे. म्हणून त्याच मुलांना पुढच्या विषयानंतर आणि पास झाल्यावर पुन्हा विचारावे. अपमान, पक्षपात, गुणांची अडवणूक या तक्रारींची मात्र तेव्हाच्या तेव्हा, स्वतंत्रपणे आणि नाव गुप्त ठेवून चौकशी व्हावी. ‘विषय अवघड होता’ आणि ‘मला अपमानित केले’ या दोन तक्रारी एकाच फॉर्मवर, एकाच मापाने मोजल्या जातात तोवर दोहोंनाही न्याय मिळणार नाही.

आमचे मत असे: पेपर सोपा करण्याची मागणी महाविद्यालयांनी मान्य करू नये, आणि कडकपणाच्या नावाखाली मनमानीही चालू देऊ नये. विषय हवा तेवढा कठीण असू द्या. निकष आधी सांगितलेले, चूक दाखवून दिलेली आणि सुधारायची संधी खरी असेल, तर साकीनाक्याची मुले कष्टाला घाबरणारी नाहीत. स्वायत्त महाविद्यालयांनी येत्या सत्रापासून किमान ओरल आणि टर्मवर्कचे निकष लेखी जाहीर करावेत. त्याला नव्या इमारतीची गरज नाही, अनुदानाचीही नाही. कडक सरांना त्यात गमावण्यासारखे काहीच नाही. त्यांच्या आड लपलेल्या मनमानी करणाऱ्यांनाच तेवढी अडचण होईल, आणि ती व्हायलाच हवी.