जुनी स्कूटर घेताना

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "आपा, पोरीला कॉलेज मिळालं, पण बारा किलोमीटर लांब. एसटीची वेळ जुळत नाही. नव्या गाडीला कर्ज काढलं तर व्याज आलंच, ते ह्यांना नको. भिशीचे पस्तीस हजार हातात आहेत. जुनी स्कूटर बघायची का?"

मी म्हटले, "बघू. पण घाई करायची नाही."

पहिल्या घरी गेलो तर स्कूटर चकाचक पुसलेली. सेल्फ मारताच चालू झाली. भाची खूश! मी सायलेन्सरजवळ हात नेला, तर धग लागली. म्हणजे आम्ही येण्याआधीच गाडी गरम करून ठेवली होती. "उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका," असे सांगून आम्ही उठलो. दुसऱ्या दिवशी तीच गाडी पाच-सहा प्रयत्नांनी सुरू झाली आणि मागून निळसर धूर आला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काम मोठे निघू शकते. आम्ही सलाम करून परत आलो.

तेव्हा पहिला नियम हा, की गाडी थंड असतानाच पाहावी, आणि दिवसाउजेडी. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. त्याला दिलेले दोन-तीनशे रुपये वाया जात नाहीत.

डबल स्टँडवर लावून पुढचे चाक उचलून धरा आणि हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला आहे. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ असेल तर ऑइल सील फुटले आहे. पाय ठेवायच्या जागेखाली वाकून गंज पाहा. टायरच्या बाजूला चार अंक असतात. 2319 म्हणजे 2019 सालातला 23वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि पावसात घसरते. मीटरवर बारा हजार किलोमीटर, पण ब्रेकचे लिव्हर आणि ग्रिप पार झिजलेले, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नका. चालवताना पिकअप दबका वाटला, खरखर ऐकू आली, तर बेल्ट आणि क्लच कधी बदलले ते विचारा. एकाने गाडी सरळ चालवावी, दुसऱ्याने मागून पाहावे. दोन्ही चाके एका रेषेत नसतील तर अपघातात चेसिस वाकल्याची शंका घ्यावी.

मग कागद. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी. थकलेले ई-चलान ऑनलाइन दिसतात. ते विकणाऱ्याने आधी भरावेत. नोंदणीची मुदत 15 वर्षांची असते, ती किती उरली तेही पाहा. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 भरतात. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी माझी स्कूटर ओळखीच्या माणसाला विकली. "नाव नंतर लावून घेतो, मॅडम," तो म्हणाला. मी सह्या करून दिल्या आणि विसरले. दीड वर्षाने मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या नावाने घरी आली. गाडीने एका वृद्धाला धडक दिली होती आणि विमा संपलेला होता. अम्मी रात्रभर मुसल्ल्यावर बसून होत्या. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच सांगितले आहे. तडजोड होईपर्यंत कोर्टाच्या खेपा झाल्या, आणि पैसेही आम्हीच भरले. त्या बाबांचा पाय मोडला होता, त्यांचा हक्क कुणीतरी द्यायलाच हवा होता.

सूरह अल-बकराच्या 282व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. ती आयत मी कितीदा तरी वाचली होती. पण "ओळखीचा आहे" म्हणून अमल केला नाही. लिहून घेणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास नव्हे. त्यात दोघांचीही सोय आहे.

आणि विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. धान्याच्या ढिगात हात घालून रसूलुल्लाह ﷺ यांनी आतला ओलावा दाखवून दिला, तो प्रसंग आपण मुलांना सांगतो. गरम करून ठेवलेली गाडी हा आजचा तोच ढीग आहे.

शेवटी चौथ्या घरी स्कूटर मिळाली. मालकीणबाईंनी आपणहून सांगितले, "पुढचं ऑइल सील गळतंय, मागचा टायर बदलावा लागेल." त्यांनी त्याचे अडीच हजार कमी केले. नाव बदलायला आरटीओत त्या स्वतः आल्या. भाची आता हेल्मेट घालून वेळेवर कॉलेजला पोहोचते, आणि बहीण त्या बाईंना अजून दुआ देते.