पाडलेल्या विमानांचा हिशेब आणि मुंबईचा वैमानिक

पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा विषय निघाला की मराठी वाचकालाही एक नाव हमखास आठवते : मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन, म्हणजे ‘रेड बॅरन’. लालभडक तीनपंखी विमान, पाडलेली ८० विमाने आणि २१ एप्रिल १९१८ रोजी सोम नदीच्या खोऱ्यात आलेला मृत्यू. (त्याचे बहुतेक विजय त्या तीनपंखी विमानातले नव्हेत, आधीच्या अल्बाट्रॉसमधले आहेत, पण दंतकथेला एवढा तपशील परवडत नाही.) त्याच आकाशात, त्याच वर्षी जर्मनांशी लढलेला एक मुंबईकर होता, श्रीकृष्ण वेलिणकर. हे नाव मात्र किती जणांना ठाऊक असेल? एकाची कीर्ती आणि दुसऱ्याचे विस्मरण यांतला फरक शौर्याचा आहे, असे आपण सहज धरून चालतो. तो बराचसा व्यवस्थेचा आहे.

जर्मन व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. १९१५ मध्ये फोकरच्या विमानात मशीनगनचा मारा पंख्याच्या फिरण्याशी जुळवणारी यंत्रणा बसली आणि समोर नेम धरून गोळ्या झाडता येऊ लागल्या. सुरुवातीला एकेकटा उडणारा वैमानिकच लढत असे. जर्मन वैमानिक ऑस्वाल्ड बोएल्केने त्यातून शास्त्र घडवले : उंचीचा फायदा घ्या, सूर्य पाठीशी ठेवा, जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, शक्यतो मागून हल्ला करा, गटाने लढा. १९१६ च्या उत्तरार्धात निव्वळ लढाऊ विमानांची पथके, म्हणजे ‘यास्टा’, उभी राहिली. बोएल्केच्या ‘यास्टा २’ मध्येच रिश्टहोफेन तयार झाला. पुढे जून १९१७ मध्ये चार यास्टा एकत्र करून त्याच्या हाती पहिले ‘यागडगेश्वाडर’ दिले गेले. गरज पडेल त्या आघाडीवर ते रेल्वेने हलवले जाई. विमानांची संख्या कमी, म्हणून ती निवडक जागी आणि निवडक वेळी वापरायची, हा या सगळ्यामागचा हिशेब.

विजयांची मोजणीसुद्धा या हिशेबातच येते. जर्मन वैमानिक बहुधा आपल्याच हद्दीवर लढत. ब्रिटिश हवाई दलाचा सेनानी ट्रेंचर्ड याच्या आक्रमक धोरणामुळे ब्रिटिश विमानांना रोज आघाडी ओलांडून जावे लागे, आणि त्या भागात वारा प्रामुख्याने पश्चिमेचा. म्हणजे इंजिन बिघडलेले ब्रिटिश विमान वाऱ्याविरुद्ध धडपडत परत यायचे. जर्मन विमान मात्र आपल्याच शेतात उतरायचे. पडलेल्या शत्रूचा सांगाडाही जर्मन हद्दीत, त्यामुळे विजयाचा पुरावा तिथल्या तिथे हाती. उलट ब्रिटिश वैमानिकांच्या कित्येक विजयांची नोंद शत्रूचे विमान ‘ताबा सुटून खाली गेले’ एवढ्यावर व्हायची. ‘पूर ल मेरित’ या सर्वोच्च जर्मन पदकासाठी जानेवारी १९१६ मध्ये बोएल्के आणि त्याचा सहकारी वैमानिक इमेलमान यांना प्रत्येकी आठ विजय पुरले. वर्षभराने रिश्टहोफेनला ते सोळा विजयांनंतर मिळाले. फूटपट्टी वरचेवर बदलत होती. शिवाय प्रचार होताच. वैमानिकांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर विकली जात, आणि रिश्टहोफेनचे आत्मचरित्र तो हयात असताना, १९१७ मध्येच, बाजारात आले. प्रत्येक विजयासाठी तो बर्लिनच्या सोनाराकडून चांदीचा एक छोटा पेला करवून घेई. साठ पेले झाल्यावर युद्धामुळे चांदीचीच टंचाई पडली आणि पेले थांबले. विजय चालूच राहिले.

आता दुसरी बाजू पाहू. त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेले चार भारतीय वैमानिक प्रामुख्याने ओळखले जातात : हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल चंदर सेन आणि वेलिणकर. एवढेच का? लढाऊ दलात राजाचे कमिशन भारतीयाला द्यायचे नाही, हा तोवरचा शिरस्ता होता आणि १९१७ मध्ये तो जेमतेम सैल झाला. मलिक ऑक्सफर्डचे पदवीधर, तरी त्यांना आधी फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली. फ्रेंच हवाई दल त्यांना घ्यायला तयार झाल्यावर त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकांनी ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना पत्र लिहिले, तेव्हा कुठे दार उघडले. २६ ऑक्टोबर १९१७ रोजी ‘यास्टा १८’ च्या पाउल श्ट्रेलेने त्यांना खाली उतरवले. पायात गोळी घेऊन ते बचावले आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले आणि २२ जुलैला ‘यास्टा २९’ च्या फोकरांशी लढताना ते पडले. वय १९.

वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत. या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखातल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. दृष्टी चौफेर मिळे, पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात डोक्यावर. २७ जून १९१८ ला ते आघाडीपलीकडे पाडले गेले आणि ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात जखमांनी वारले. त्याच्या आदल्याच दिवशी, २९ जूनला, जर्मन वैमानिक एर्न्स्ट उडेट आपल्या विमानातून पॅराशूटने उडी मारून जिवंत सुटला होता. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना पॅराशूट दिलेच जात नव्हते. वेलिणकर त्याने वाचले असते की नाही हे सांगता येणार नाही. पण उडेटच्या ६२ विजयांमध्ये त्या कापडी छत्रीचाही वाटा आहे, हे मोजणारे सहसा विसरतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ही माणसे साम्राज्यासाठी लढली, त्यांचे कौतुक आपण का करावे? आक्षेप खरा आहे. वेलिणकरांच्या थडग्यावरही ‘साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एक’ अशाच अर्थाची ओळ कोरलेली आहे. पण त्याच महिन्यात मुंबईत काय घडले ते पाहावे. १० जूनला टाउन हॉलमधल्या युद्धपरिषदेत मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी टिळकांना पुरते बोलू दिले नाही आणि टिळक सभा सोडून गेले. सैन्यभरतीला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. भारतीयांना अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून ५,००० माणसे उभी करतो, असे त्यांनी गांधीजींना कळवले आणि हमी म्हणून ५०,००० रुपयांचा धनादेशही धाडला. मदतीचा सौदा नको म्हणून गांधीजींनी तो परत केला. टिळक ज्या कमिशनसाठी भांडत होते, ते अंगावर घेऊन एक मुंबईकर तेव्हा फ्रान्सवर उडत होता. त्याला साम्राज्याचा हस्तक म्हणून निकालात काढणे म्हणजे टिळकांची ती मागणीच न समजणे होय.

दुसरा आक्षेप अधिक रोकडा. मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात मराठा पलटणींनी उपासमार आणि नंतर कैद सोसली; त्या हजारो शिपायांपुढे परदेशात शिकलेल्या एका सुखवस्तू तरुणाचे काय एवढे? तुलनाच करायची तर कूटचे पारडे जड आहे, यात वाद नाही. मात्र शिपायाला गोऱ्यांनी सहसा अडवले नाही, कारण शिपाई त्यांना हवेच होते. अडवले ते हुकूम देणाऱ्या पदावर. यंत्र हाताळणे, निर्णय घेणे, एकट्याने शत्रूला भिडणे भारतीयाला जमणार नाही, या समजुतीला पहिला तडा या मोजक्या वैमानिकांनी दिला. तरीही भारतीय हवाई दल उभे राहायला ८ ऑक्टोबर १९३२ उजाडले.

वेलिणकरांचे नाव पाच विजयांच्या ‘एस’ वैमानिकांत नाही, आणि ते नसल्याची खंतही बाळगू नये. ती यादी कशी बनते ते वर आलेच आहे. जर्मनांनी त्यांना पुरले तेव्हा नाव चुकीचे, ‘वुमकर’ असे लागले होते. ओळख पटली ती नंतर. आज ते सोम जिल्ह्यातल्या हंगार गावच्या युद्धदफनभूमीत आहेत. शालेय इतिहासात पहिल्या महायुद्धाचा धडा शिकवताना महाराष्ट्राने त्यांच्यासाठी आणि कूटच्या शिपायांसाठी एकेक परिच्छेद द्यावा, आणि तो टिळकांच्या १० जूनच्या सभात्यागाला जोडून द्यावा. पाठ्यपुस्तक मंडळाने पुढच्या आवृत्तीत एवढे जरूर करावे.