पाळ, बाळ आणि माळ

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना लागणारे केळझर हे विदर्भाच्या अष्टविनायकांतील एक स्थान म्हणून आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच आणि भीमाने बकासुर मारला तो येथेच, अशी तेथील परंपरा आहे. केळझरच्या मुलास महाभारत निराळे शिकवावे लागत नाही. तेव्हा तेथल्यासारख्या गावच्या शाळेत बहिरेपणाविषयी मुलांस काय व कसे सांगावे, या विषयाचा आरंभ आम्ही महाभारतापासूनच करतो.

धृतराष्ट्र वडील भाऊ असूनही अंधत्वामुळे राज्यास अपात्र ठरला, हे प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. पुढचा सारा कलह त्यातून उद्भवला, हेही त्यास कळते. त्यामागचा नियम मात्र फारसा कोणी उलगडून सांगत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारशास अपात्र मानलेल्यांची गणना आहे. तीत जन्मांधांच्या शेजारी जन्मबधिर व मुके बसविले आहेत, आणि त्याच पंक्तीत वेडे व जडबुद्धीचे. अशांस अन्नवस्त्र द्यावे असे लगेच पुढे सांगितले आहे, हे खरे. परंतु पोटास घालणे निराळे आणि वाटा देणे निराळे. शारीरिक व्यंगाच्या कारणाने वारसा नाकारण्याची ही रीत बंगालखेरीज इतरत्र १९२८ च्या कायद्याने मोडली; सर्व हिंदूंपुरती ती १९५६ च्या वारसा कायद्याने संपली.

कायद्यातून उठलेली ही पंगत आमच्या घरांतील बोलण्यातून मात्र उठलेली नाही. ऐकूनही न ऐकणाऱ्या मुलावर आपण ‘बहिरा आहेस का?’ म्हणून ओरडतो. ‘मुका-बहिरा’ हा शब्द तर आपण असा जोडीने उच्चारतो की जणू एक आले म्हणजे दुसरे आलेच. वस्तुतः बहिऱ्या मुलाचा कंठ बहुधा निकोपच असतो. बोलणे हे ऐकूनच शिकावयाचे असल्यामुळे, जे कानी पडत नाही ते जिभेवर सहज येत नाही, एवढेच. तो हसतो, ओरडतो, रडतो; त्याच्या त्या आवाजास शाळेतील मुले हसतात. तो गप्प बसला की गुरुजी त्यास मंद समजून मागच्या बाकावर बसवितात, आणि जेथून ओठ दिसत नाहीत व फळा अर्धाच दिसतो तेथे बसून तो खरोखरीच मागे पडतो. मग आपला तर्क खरा ठरला असे सर्वांस वाटते!

मुलांस हे कळावे म्हणून काही ठिकाणी त्यांच्या कानांत बोळे घालून घटकाभर बहिरे होण्याचा खेळ करवितात. आम्हांस तो फारसा पसंत नाही. त्यातून मुलाच्या मनात भीती व कीव मात्र शिल्लक राहते. जन्मतः न ऐकणारा मनुष्य आपले आयुष्य कसे चालवितो, हे त्यास काहीच कळत नाही. त्यापेक्षा गुरुजींनी अथवा घरी आईने मुलांसमोर उभे राहून, आवाज न काढता, केवळ ओठ हलवून तीन शब्द म्हणावेत : पाळ, बाळ, माळ. पहिला कोणता व तिसरा कोणता, हे मुलांनी ओळखावे. ते ओळखता येणार नाहीत. कारण प, ब व म यांस ओठ सारखेच मिटतात. ‘बहिऱ्यांस ओठांवरून सगळे समजते’ हा समज असा एका मिनिटात निकालात निघतो. आता तेच शब्द वाक्यात घालावेत आणि कानाची पाळ धरून, कडेवरचे बाळ दाखवून पुन्हा म्हणावेत. वर्ग लगेच ओळखील. अडचण ऐकणाराच्या बुद्धीत नसून सांगणाराच्या रीतीत आहे, हे आठ वर्षांच्या मुलास यापेक्षा सोपे करून आम्हांस सांगता येत नाही.

यंत्राचेही तसेच. कानाचे यंत्र चष्म्यासारखे नव्हे. ते गुरुजींच्या आवाजाबरोबर बाकांची खडखड आणि शेजाऱ्याची कुजबूजही मोठी करते. म्हणून यंत्र लावलेल्या मुलाच्या कानाशी ओरडू नये. त्याच्या समोर, उजेडात यावे, तोंडावर हात धरू नये व सावकाश बोलावे.

राहिला प्रश्न हातांच्या भाषेचा. ती म्हणजे माकडचेष्टा, असे मानणारी सुशिक्षित माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांचा दोष एकट्याचा नाही. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांस हद्दपार करून केवळ तोंडी बोलणे शिकवावे असे ठरविले, आणि अनेक देशांत कित्येक पिढ्यांचे हात त्यामुळे बांधले गेले. आपल्याकडील बहिऱ्यांची पहिली शाळा मुंबईस निघाली ती त्यानंतर थोड्याच वर्षांनी. मिलानच्या त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हावयास २०१० साल उजाडावे लागले. भारतीय सांकेतिक भाषेस स्वतःचे व्याकरण आहे. तीत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो : ‘नाव तुझे काय?’ आमच्या मराठी मुलांस हे मुळीच परके वाटणार नाही. या भाषेसाठी दिल्लीस २०१५ साली स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि तिच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमा झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील भगिनींनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात आपले म्हणणे मांडले, तेव्हा सरन्यायाधीशपदी आपल्या महाराष्ट्राचे धनंजय चंद्रचूड होते. वारशाच्या यादीतून वगळलेल्यांपैकी एक न्यायालयात युक्तिवाद करीत आहे, हे मुलांस धृतराष्ट्राच्या कथेबरोबरच सांगावे.

घरातील वडील माणसांस एक गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. ‘आमच्याकडे मुले उशिराच बोलतात’ हे आजीबाईंचे वाक्य फार महाग पडते. भाषा मेंदूत रुजण्याची खरी वर्षे पहिलीच असतात. बाळ जन्मल्यावर महिन्याच्या आत त्याचे ऐकणे तपासावे, शंका आल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावे आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत, असे जाणते सांगतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी अंतर्भूत आहे; तेव्हा खेड्यातील आईनेही प्राथमिक आरोग्य केंद्रात संकोच न धरता विचारावे. यंत्र लागो वा शस्त्रक्रिया होवो, त्या अवधीत घरच्यांनी खुणा शिकण्यास हरकत नाही. खुणा केल्याने मूल बोलावयाचे राहते, ही भीती निराधार आहे.

पुढच्या चतुर्थीस कोणी अशा मुलास घेऊन केळझरला दर्शनास जाणार असेल, तर गर्दीत चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे ते ठिकाण त्यास आधीच हाताने दाखवून ठेवावे. घंटांच्या गजरात मागून मारलेली हाक तेथे ऐकू येणाऱ्या मुलांसही पोहोचत नाही.